घड्याळजींच्या मेंदूतला अंधार

ठिपका : काकू

“हे आमचे नव्हेत,” काकू म्हणाल्या.

पडद्यावर नखाएवढ्या कापाचं भिंतभर मोठं केलेलं चित्र होतं आणि ते काळं होतं. रात्रीच्या आकाशात निदान काहीतरी लुकलुकतं. हे झाकण लावलेल्या डब्याच्या आतलं काळं होतं. शेजारी दुसरं चित्र होतं, कुणा निरोगी माणसाच्या मेंदूचं. ते फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखं पेटलेलं होतं.

“काकू, हा तुमच्या यजमानांच्या, घड्याळजींच्याच मेंदूचा काप आहे,” प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम समजुतीच्या सुरात म्हणाल्या. “उजळ दिसतं ते डोपामिन. हालचालींचं वंगण म्हणा. ते तयार करणाऱ्या पेशी आजारानं वाळल्या, म्हणून तर त्यांचा हात थरथरायचा. शस्त्रक्रियेत डाव्या बाजूला नव्या पेशी लावल्या होत्या. त्या जगल्या असत्या तर इथे उजेड दिसला असता.”

“म्हणजे जगल्या नाहीत.”

“चित्र तरी तेच सांगतंय.”

भिंतीला टेकलेला काकूंचा मुलगा एकदम बोलला. “ऐकलंस, आई? बाबा नको नको म्हणत होते. तू हट्टानं त्यांच्या डोक्याला भोक पाडायला लावलंस. कशासाठी?”

काकूंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. चष्मा वर सरकवून त्या पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. ओळखीचं माणूस गर्दीत शोधावं तशा त्या अंधारात शोधत राहिल्या.

“शस्त्रक्रियेनंतर वर्षभरानं त्यांचा उजवा हात थांबला,” त्या म्हणाल्या. “घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून बसवायचे, मी समोर बसून बघायची. हे चित्र ज्या बिचाऱ्याचं आहे त्याचा हात शेवटपर्यंत थरथरला असेल. माझ्या नवऱ्याचा नाही.” मग त्यांनी पिशवी काखेत घट्ट धरली. “ह्यांचा मेंदू कुठे गेला, ते मला सांगा.”

ठिपका : शंकासुर

संस्थेनं चौकशीला ज्याला पाठवलं त्याला सगळेजण शंकासुर म्हणत. तोंडावर ‘साहेब’ म्हणत, पण ते त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

मेंदूतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. आयुष्य विमा कंपनीत गेलेलं, जळलेल्या दुकानांच्या राखेत बोटं घालून. एका वाणसामानाच्या दुकानाचं प्रकरण तो सगळ्यांना सांगे. आग विझल्यावर साखरेची आणि मिठाची पोती रिकामी निघाली आणि मालकानं नोकराच्या नावानं चोरीचा ओरडा केला. शंकासुरानं त्या नोकराला सोडवलं होतं. कसं, ते सांगायच्या आत बहुतेक ऐकणारे उठून जात.

आता तो एका मोठ्या शीतकपाटासमोर उभा होता. कपाट उघडताच पांढरी वाफ पायांवर उतरली. आत डब्यांवर डबे, प्रत्येकात कुणाच्या तरी डोक्यातला तुकडा. कुणाच्या तरी लहानपणाचे वास, पाढे, भांडणं, सगळं गोठून निमूट बसलेलं. शंकासुरानं नकळत पायांतले बूट काढले, मग लाजून पुन्हा घातले.

“एवढ्या डब्यांत अदलाबदल करायची म्हटलं,” त्यानं विचारलं, “तर अवघड आहे का?”

“छे,” कपाट उघडून देणारा यंत्रवाला म्हणाला. “डोळे मिटून होईल.”

ठिपका : गोठलेली खोली, सकाळ

(इथे काही दिसत नाही.)

ठिपका : यंत्रवाला

यंत्र दोन कपाटांएवढं होतं आणि झोपलेल्या जनावरासारखं घुरघुरत होतं. ते चालवणारा पोरगेलासा दिसे, पण कानांवर पांढरे केस होते आणि तोंडाला फाटक नव्हतं.

“सोपं आहे, साहेब. मेंदू गोठवायचा, केसाहून पातळ काप काढायचा, काचपट्टीवर बसवायचा. वरून रसायनाचा फवारा. मग माझा लेसर त्यावर ठिपका मारतो. ठिपक्यातले रेणू उडतात आणि यंत्र त्यांचं वजन करतं. मग पुढचा ठिपका. मग पुढचा. ओळ संपली की खालची ओळ. प्रत्येक रेणूचं वजन ठरलेलं, त्यामुळे कुठे कोण किती होतं ते कळतं. डोपामिनचं वजन मागितलं की डोपामिनचा नकाशा.”

“आणि दुसरं काही मागितलं तर?”

“तर त्याचा नकाशा.”

“त्यासाठी पुन्हा लेसर मारायचा?”

“कशाला? सगळं आधीच मोजलेलं असतं. प्रत्येक ठिपक्यात शेकडो वजनं दडलेली. आपण विचारू तेवढंच ते दाखवतं.”

शंकासुरानं यंत्राभोवती एक फेरी मारली. साक्षीदार एकच, आणि त्यानं सगळं पाहिलेलं. फक्त कुणी विचारत नाही म्हणून तो बोलत नाही. असा साक्षीदार त्याला उभ्या जन्मात भेटला नव्हता.

“यंत्र बिघडलं असेल तर?”

“मग शेजारचा निरोगी काप पेटला असता का? दोन्ही काचा एकाच दिवशी, एकाच फवाऱ्याखाली. यंत्राला नावं ठेवायची नाहीत हां, साहेब. राग येतो त्याला.”

“निरोगी काप त्याच दिवशी कापला होता?”

“तो आमच्या साठ्यातला. तुलनेसाठी खूप आधी कापून ठेवलेल्या काचा असतात, सुरीताईंच्या आधी इथे काप काढायच्या त्या जुन्या बाईंच्या हातच्या. घड्याळजींचा काप मात्र आमच्या सुरीताईंचा. आणि काय काप आहे! चरबीचं चित्र इतकं लख्ख मी इथे आजवर बघितलेलं नाही.”

ठिपका : सुरीताई

गोठलेल्या खोलीत त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. शंकासुर कुडकुडत होता, सुरीताई नाही.

“डबा तुम्ही काढलात?”

“मीच.”

“त्यावरचं नाव वाचलंत?”

“साहेब, मी घरात मिठाचा डबासुद्धा वाचून उघडते.”

“काप काढताना, बसवताना, काही वेगळं केलंत?”

“वेगळं काय करणार? नेहमीसारखंच.”

“म्हणजे कसं?”

“स्वच्छ. माझ्या काचेवर डाग दाखवा, मी नोकरी सोडते. आधीच्या संस्थेत सगळी वर्षं मेंदूतल्या चरबीवर काम केलं. तिथे माझे काप इतरांना दाखवायला ठेवायचे.”

“इथे कधी आलात?”

“नुकतीच. हा माझा पहिला महत्त्वाचा मेंदू. आणि पहिल्याच घासाला खडा लागला बघा.” बोलता बोलता तिनं ब्रशच्या टोकानं एक काप सुरकुती न पडता उलगडला. काप दिसत नव्हता. काचेवर नुसती वाफ धरल्यासारखं वाटत होतं. “माझ्यावर चोरीचा आळ आहे ना? सरळ विचारा की.”

“चोरलात?”

“कुणाच्या नवऱ्याचा मेंदू घेऊन मी काय करू? माझ्या नवऱ्याचाच मला पुरून उरतो.”

ठिपका : मॅडम

“लावलेल्या पेशी मेंदूत फार काळ टिकत नाहीत, असं मी वर्षानुवर्षं लिहीत आलेय,” मॅडम स्वतःहूनच म्हणाल्या. “म्हणजे काळं चित्र माझ्या सोयीचं आहे. तुम्ही हेच विचारायला आलात ना?”

“हो.”

“मग हेही विचारा की मी घड्याळजींचा मेंदू का मागून घेतला. मी चूक ठरू शकले असते असा तो एकच मेंदू माझ्या हाती येणार होता. मला बघायचंच होतं.” त्या खिडकीकडे वळल्या. “आता बाकी गोठवलेल्या ठोकळ्याचा अगदी छोटा तुकडा उरलाय. पेशी लावलेली जागा जवळजवळ कापून संपली. त्या बाईंना मी काय उत्तर देऊ?”

शंकासुराला त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटला. म्हणूनच त्यानं ठेवला नाही.

ठिपका : मुलगा

तो बाहेरच्या बाकावर मनगटातलं घड्याळ फिरवत बसला होता.

“बाबांचंच आहे?”

“माझं. बंद पडलं होतं. शेवटच्या वर्षी आई म्हणाली, बाबांनी दुरुस्त केलं. मी तेव्हा दूर राहायचो. फोनवर त्यांचा आवाजही पुसट यायचा, आणि म्हणे इतकं बारीक काम त्यांनी केलं!” त्यानं मान हलवली. “आईनं कुठल्यातरी दुकानात करून आणलं असणार, माझं मन राखायला. शस्त्रक्रिया फुकट गेली हे तिला कबूलच करायचं नाहीये. मी तेव्हापासून तिच्याशी नीट बोललेलो नाही.”

“आणि ती खरं बोलत असेल तर?”

“तर,” तो म्हणाला आणि थांबला. “तर मी कोणत्या तोंडानं तिच्यासमोर जाऊ?”

ठिपका : गोळी

शंकासुरानं काकूंना एकच प्रश्न विचारला. शेवटच्या दिवशी घड्याळजींनी कोणतं औषध घेतलं होतं?

“थरथरीची गोळी. सकाळीच. मी हातानं भरवली. तोंड वाकडं करून म्हणाले, ‘तुझ्या हातचं सगळंच कडू लागतं.’ दुपारी गेले.” त्या हसल्या. मग हसू पुसून टाकल्यासारखं गेलं.

शंकासुर यंत्रवाल्याकडे आला. “त्या गोळीतल्या औषधाचं वजन मागा. त्याच काचेवर.”

यंत्रवाल्यानं आकडा भरला. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. सुरीताई दारात.

काळं.

गोळीचा मागमूस नाही. सकाळी गोळी घेऊन दुपारी गेलेल्या माणसाच्या मेंदूत तिचा कणही नव्हता.

“म्हणजे काकू म्हणतात ते खरं,” यंत्रवाला हळूच म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “हा घड्याळजींचा मेंदूच नाही.”

सगळ्यांच्या नजरा सुरीताईकडे वळल्या.

ठिपका : सुईची वाट

“थांबा,” शंकासुर यंत्रवाल्याला म्हणाला. “तुम्ही मघाशी चरबीचं कौतुक करत होता. ते दाखवा.”

पडदा उजळला.

नदीचं मुख उंचावरून दिसावं तसं होतं ते. मज्जातंतूंचे पांढरे जुडगे वळसे घेत वाहत होते, एकमेकांत शिरत होते, फाटे फुटून बेटांभोवती फिरत होते. एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात हे होतं. तो घड्याळं उघडून बसायचा तेव्हा आणि बायकोशी कडू गोळीवरून भांडायचा तेव्हाही ते तिथेच होतं. दुकानांच्या राखेत काळी झालेली आपली बोटं शंकासुरानं खिशात लपवली. इथे काही बोलणंही आगाऊपणाचं वाटत होतं.

मग त्याला ती दिसली. त्या सगळ्या वळणांना छेदून गेलेली एक बारीक, सरळ रेघ.

“हे काय?”

मॅडम पुढे वाकल्या. “सुई. नव्या पेशी घेऊन गेलेल्या सुईची वाट. व्रण राहतो. आणि अशी शस्त्रक्रिया झालेला दुसरा मेंदू आमच्या कपाटात नाही.”

म्हणजे मेंदू घड्याळजींचाच. आणि गोळी सांगते, त्यांचा नाही.

एकच काच दोन साक्षी देत होती आणि दोन्ही खऱ्या होत्या.

ठिपका : असा मेंदू कुणाचाच नाही

“मला एक अडाणी प्रश्न विचारू द्या,” शंकासुर म्हणाला. “असं कुठलं रसायन आहे का, जे प्रत्येकाच्या मेंदूत असतंच? आजारी, निरोगी, शहाणा, येडा, कुणीही असो.”

“गाबा,” मॅडम म्हणाल्या. “मेंदूचा ब्रेक. तो नसेल तर माणूस क्षणभर टिकायचा नाही. सगळीकडे पसरलेला असतो.”

“मागा.”

साठ्यातल्या निरोगी कापावर गाबाची दाट झळाळी पसरली. शेजारी घड्याळजींचा काप.

काळा.

यंत्रवाल्यानं चष्मा पुसला, आकडा पुन्हा भरला. काळा.

“हे शक्य नाही,” मॅडम पुटपुटल्या. “असा मेंदू कुणाच्याच डोक्यात असू शकत नाही.”

“तेच म्हणतो मी. अदलाबदल झाली असती तर दुसऱ्या कुणाचातरी गाबा दिसला असता.” शंकासुर खुर्चीत बसला. त्याचे पाय थकले होते, पण आवाजाला धार आली होती. “आता ती दुकानाची गोष्ट तुम्हाला पूर्ण ऐकावी लागेल. साखर गेली, मीठ गेलं. मालक म्हणाला चोरी. मी फरशीवर बोट फिरवलं तर तेलकट. तेल, तूप, सगळं होतं तिथेच चिकटून. चोर काय साखर-मीठ नेऊन तूप ठेवेल? माल चोरानंही नेला नव्हता आणि आगीनंही. बंबाच्या पाण्यानं नेला होता. पाण्यात विरघळतं तेवढं गेलं, चरबी राहिली.”

त्यानं पडद्याकडे बोट केलं. “डोपामिन, गोळी, गाबा. पाण्यात विरघळतात का?”

“तिन्ही,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

“आणि चरबी मात्र कधी नव्हे इतकी लख्ख. साठ्यातला काप जुन्या बाईंचा, म्हणून तो सुटला. सुरीताई, काप काचेवर बसवल्यावर तुम्ही रोज काय करता? वेगळं नको. नेहमीचंच सांगा.”

सुरीताईचा हात तोंडाकडे गेला.

ठिपका : गोठलेली खोली, सकाळ (पुन्हा विचारल्यावर)

आता दिसतं.

ती एकटी आहे. डब्यावरचं नाव तिनं वाचलंय, मग पुन्हा वाचलंय. पातं फिरतं आणि घड्याळजींचा पहिला काप पात्यावर उतरतो. ती तो ब्रशनं उलगडते आणि काचेवर घेते. हातात काच धरून ती क्षणभर बघत राहते. महत्त्वाचा मेंदू आहे, सगळं नीट व्हायला हवं.

मग ती काच थंडगार क्षाराच्या पाण्यात बुडवते. हळुवार, बाळाला न्हाऊ घालावं तशी. वर काढते, निथळवते, पुन्हा बुडवते. चरबीच्या संस्थेत हे प्रत्येक जण करतो. पाणी कापातलं मीठ आणि बारीकसारीक गाळ घेऊन जातं आणि चरबीचं चित्र खुलतं. तिथे न धुता काप देणं म्हणजे आंघोळ न करता लग्नाला जाणं.

इथे कुणीच धूत नाही. ते इतकं उघड आहे की ‘धुऊ नका’ असं कुणी तिला सांगितलेलंच नाही.

एका माणसाच्या डोक्यातला सगळा उजेड त्या भांड्यात उतरतो. ती भांडं मोरीत रिकामं करते आणि दुसरा काप काढायला बसते.

ठिपका : उरलेला तुकडा

“नोकरीचं राहू दे,” सुरीताई म्हणाली. “उरलेला तुकडा दुसऱ्या कुणाकडून कापून घ्या. माझे हात बघा.”

ते थरथरत होते.

सगळं ऐकून मुलासोबत आत आलेल्या काकूंनी ते हात पाहिले. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांनी ते आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि दाबून धरले. घट्ट नाही, सैलही नाही. ते कसं धरायचं हे त्यांना माहीत होतं.

“तुम्हीच कापा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही एवढ्या मायेनं धुतलंत त्यांना. दुसरं कुणी नको.”

“काकू, ह्यात ती जागा असेलच असं नाही,” मॅडम म्हणाल्या. “पुन्हा काळंच आलं तर ते खरंच काळं असेल.”

“असू दे. मी त्यांना शस्त्रक्रियेला ढकललं, ते बरं केलं की वाईट, एवढंच मला कळायला हवंय. खोटं काळं नको. खरं काळं चालेल.”

काप निघाला. काच पाण्याच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही. फवारा बसला, यंत्राचं दार मिटलं, घुरघुर सुरू झाली.

पडद्यावर ठिपके उमटू लागले. एक ओळ काळी. खालची काळी. सगळे उभे होते, खुर्च्या असूनही. यंत्रवालासुद्धा गप्प होता, आणि हे त्या इमारतीत पूर्वी कधी घडलं नसावं. काळ्या ओळी एकाखाली एक साचत गेल्या. घड्याळजींच्या मेंदूत आजारानं काय केलं होतं ते पहिल्यांदाच खरं दिसत होतं. दिवे गेलेला एक आख्खा मुलूख.

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

“आई,” मुलगा म्हणाला.

एक ठिपका लाल झाला होता.

त्याच्या शेजारचा झाला. खालच्या ओळीत आणखी. मग केशरी, मग पिवळे, मग पांढरे ठिपके, एकमेकांना चिकटून. सुईची वाट जिथे संपत होती तिथे, त्या सगळ्या अंधाराच्या मधोमध, जोंधळ्याच्या दाण्याएवढं एक बेट उजळत गेलं. त्याच्या कडेनं उजेडाचे धागे आसपासच्या काळोखात शिरले होते. परक्या पेशी इतकी वर्षं तिथे जगल्या होत्या. कुणी बघत नसताना त्या ठिबक ठिबक वंगण घालत होत्या.

मॅडमनी डोळे उघडले. त्या सावकाश पुढे गेल्या आणि पडद्यापासून हातभर अंतरावर, शाळेतली मुलगी फळ्यासमोर उभी राहते तशा, उभ्या राहिल्या. आपण आजवर लिहिलेलं सगळं पुसलं जातंय हे त्यांना दिसत होतं आणि त्या हसत होत्या.

शंकासुरानं पुन्हा बूट काढले. ह्या वेळी घातले नाहीत.

“एवढंसंच?” काकूंनी विचारलं.

“एवढंसंच,” मॅडम म्हणाल्या. “पण एका हाताला पुरतं.”

मुलानं मनगटातलं घड्याळ काढून कानाशी धरलं होतं. यंत्राच्या घुरघुरीत त्याला काय ऐकू आलं कोण जाणे.

“आई, हे खरंच बाबांनी दुरुस्त केलं होतं?”

“नाही तर काय मी केलं?” काकू म्हणाल्या. “मला साधा गजर लावता येत नाही.” मग त्यांनी पडद्याकडे, त्या बेटाकडे पाहिलं आणि ओरडल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, “दोन दिवस जेवायला उठले नाहीत त्यापायी. पोराचं आहे, म्हणे. हात लावू नकोस, म्हणे.”

मुलानं घड्याळ त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि वरून आपला हात. पडद्यावर अजून ओळी उतरत होत्या, आणि बेट अजून संपलेलं नव्हतं.